दुर्बिणीने मोठ्या आतड्याचा भाग काढायचा ठरलंय? तारीख ठरल्यापासून फॉलोअपपर्यंत काय काय करायचं

"कोलनचा एक भाग काढावा लागेल, लॅपरोस्कोपीने करू" असं सर्जन म्हणाले की घरात पहिला प्रश्न असतो, दुर्बिणीचंच ना, मग दुसऱ्या दिवशी घरी? कारण कुणाच्या तरी मावशीचं पित्ताशय दुर्बिणीने काढलेलं असतं आणि ती दोन दिवसांत पोळ्या लाटत होती हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कोलनचं तसं नसतं. पोटावरची भोकं लहान असली तरी आत जे कापतात आणि जोडतात ते ओपन ऑपरेशनइतकंच मोठं असतं, आणि ती आतली जोडणी भरून यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. आमच्या घरात काकांच्या वेळी आणि नंतर सासूबाईंच्या वेळी हे सगळं जवळून पाहिलं, म्हणून पेशंटने आणि घरच्यांनी कधी काय करायचं ते क्रमाने लिहितोय. डॉक्टरांचं डॉक्टर बघतील, आपल्या वाटेचं कामही बरंच असतं.

आधी नक्की काय काढणार ते समजून घ्या

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. उजवीकडे खाली सीकमपासून सुरू होतं, वर जातं तो असेंडिंग कोलन, पोटात आडवा तो ट्रान्सव्हर्स, डावीकडून खाली उतरतो तो डिसेंडिंग, मग एस आकाराचा सिग्मॉइड आणि शेवटी रेक्टम, म्हणजे गुदाशय. गाठ उजवीकडे असेल तर राइट हेमिकोलेक्टॉमी करतात, त्यात छोट्या आतड्याचं शेवटचं टोक थेट ट्रान्सव्हर्सला जोडतात. डावीकडे असेल तर लेफ्ट हेमिकोलेक्टॉमी किंवा सिग्मॉइड कोलेक्टॉमी. यातलं आपलं कुठलं हे सर्जनला कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा, बहुतेक जण केस पेपरच्या मागे आनंदाने काढून दाखवतात आणि तो कागद घरी सगळ्यांना समजावताना फार कामाला येतो.

कारण बहुतेक वेळा कॅन्सर असतो, पण दरवेळी नाही. कोलोनोस्कोपीतून (गुदद्वारातून घालायच्या दुर्बिणीतून) न निघणारा मोठा पॉलिप म्हणजे आतड्यातला कोंब, आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या वारंवार सुजणं म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस, सिग्मॉइडला पडलेला पीळ, आतड्याला सूज आणणारा क्रोन्स आजार, आणि आपल्याकडे अजूनही दिसणारा आतड्याचा टीबी, तो मुळात गोळ्यांनी बरा करतात पण आतडं अरुंद होऊन अडायला लागलं तर तो तुकडा काढावा लागतो. कॅन्सर असेल तर फक्त गाठ काढून भागत नाही, त्या भागाला रक्त देणारी नस मुळाशी बांधून तिच्या आजूबाजूच्या लसिका गाठींसकट (लिम्फ नोड्स) पूर्ण भाग काढतात. रिपोर्टमध्ये किमान 12 लसिका गाठी तपासलेल्या असाव्यात असा नियम आहे, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"चाकू लागला की कॅन्सर पसरतो, आणि दुर्बिणीने तर जास्तच" हे गावाकडून फोनवर कुणीतरी सांगणारच. दुर्बिणीबद्दलची भीती एकेकाळी डॉक्टरांनाही होती. अमेरिकेत मायामीच्या मोइसेस जेकब्स यांच्या टीमने 1991 मध्ये दुर्बिणीने कोलन काढल्याचं प्रसिद्ध केलं आणि नंतरच्या काही वर्षांत पोटावरच्या भोकांच्या जागी कॅन्सर परत आल्याच्या केसेस छापून आल्या, त्यामुळे बऱ्याच सर्जननी हात आखडता घेतला. मग 872 पेशंटवर मोठा अभ्यास झाला, अर्ध्यांचं ओपन आणि अर्ध्यांचं दुर्बिणीने, आणि 2004 मध्ये निकाल आला की तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत 16 टक्के आणि ओपनमध्ये 18 टक्के, म्हणजे फरक नाही. त्याच अभ्यासात दुर्बिणीने सुरू केलेल्या पाचातल्या एका पेशंटचं ऑपरेशन मध्येच ओपन करावं लागलं होतं. आता अनुभवी हातात हे प्रमाण खूप कमी आहे, पण शून्य नाही, आणि कन्सेंट फॉर्मवर ती ओळ असतेच. ओपन केलं म्हणजे काही बिघडलं असं धरून सर्जनवर चिडू नका, वेळेत ओपन करणारा सर्जन चांगला.

सगळ्यांना दुर्बीण चालतेच असंही नाही. आतडं अडून पोट फुगलंय, आतडं फुटलंय, गाठ शेजारच्या अवयवात घुसलीय, आधीच्या ऑपरेशन्समुळे आत सगळं चिकटलंय, किंवा हृदय-फुफ्फुसं फारच कमजोर आहेत, अशा वेळी ओपन सुचवतील.

सर्जनला विचारायचे प्रश्न

तुम्ही अशी किती ऑपरेशन्स करता, हे विचारायला लाजू नका. रोज करणारा आणि वर्षातून चार करणारा यात फरक असतो. पोटावर पिशवी, म्हणजे स्टोमा, लागायची शक्यता किती? उजव्या बाजूच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये सहसा लागत नाही, रेक्टमच्या जवळ जावं तशी शक्यता वाढते. छोटी गाठ असेल तर कोलोनोस्कोपीच्या वेळी तिथे शाईची खूण, टॅटू म्हणतात त्याला, केलीय का? हे महत्त्वाचं कारण दुर्बिणीत हाताने चाचपून गाठ शोधता येत नाही.

आणि रोबोट. मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलात की रोबोटिकचं पॅकेज समोर येईल, वरचा खर्च दीड-दोन लाखांच्या घरात सहज जाऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे, साध्या कोलनसाठी कर्ज काढून रोबोट घेऊ नये. अरुंद ओटीपोटात, रेक्टमच्या कॅन्सरला तो सर्जनला सोयीचा पडतो, पण तिथेही 2017 च्या मोठ्या अभ्यासात ओपन करावं लागण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नव्हता. सर्जनचा हात बघा, मशीन नंतर.

तारखेच्या आधीचे दोन-चार आठवडे

कोलोनोस्कोपी, बायोप्सी, छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी), ईसीजी, टूडी इको हे हॉस्पिटल करून घेतंच. पण खालच्या गोष्टी घरच्यांनीच मागे लागून करायच्या असतात.

हिमोग्लोबिन. उजव्या बाजूची गाठ महिनोन्‌महिने थोडं थोडं रक्त गाळत असते, पेशंटला वाटतं वयामुळे दम लागतोय. सात-आठवर आलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून आयर्नचं इंजेक्शन सलाईनमधून घ्या, गोळ्यांनी एवढ्या कमी दिवसांत फार फरक पडत नाही. बीट आणि खजुराने तर नाहीच.

प्रोटीन. रक्तातलं प्रोटीन, म्हणजे अल्ब्युमिन, कमी असेल तर जोड भरायला त्रास होतो. अंडी, पनीर, दही, मुगाचं वरण, चिकन खाणारे असाल तर चिकन, आणि लागेल तर पावडर. "ऑपरेशन आहे, हलकं खा" म्हणून आधीपासूनच पेजेवर ठेवू नका. आतडं अरुंद झालंय असं सांगितलं असेल तर मात्र डॉक्टर म्हणतील तसंच मऊ खायचं.

तंबाखू, सिगरेट, मिश्री बंद, शक्यतो चार आठवडे आधीपासून. घरातली आजी मिश्रीला व्यसन धरतच नाही, त्यामुळे अ‍ॅनेस्थेशियाच्या डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की ठामपणे नाही म्हणते, तेव्हा शेजारी उभं राहून तुम्हीच सांगा.

रोज चालणं, आणि तीन बॉलचं स्पायरोमीटर आधीच आणून सराव. ऑपरेशननंतर पोट दुखत असताना ते पहिल्यांदा हातात घेऊन काही जमत नाही.

औषधांची पूर्ण यादी, काढे आणि चूर्णांसकट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे काही दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बरेचदा चालू ठेवतात, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील, आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याच जातीची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, ती साधारण तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढून पेशंट सिरियस होऊ शकतो. ही गोळी आजकाल अर्ध्या महाराष्ट्राला चालू आहे आणि यादीत लिहायची नेमकी राहते.

पैशाचं

मेडिक्लेम असेल तर प्री-ऑथ, म्हणजे मंजुरीचा अर्ज, आधी पाठवा आणि पॉलिसीतली रूम रेंटची मर्यादा बघा. मर्यादेपेक्षा वरची रूम घेतली तर बऱ्याच पॉलिसीत फक्त रूमचं भाडं नाही, जवळपास सगळंच बिल त्या प्रमाणात कापून मंजूर होतं, आणि हे डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या (क्लेम हाताळणाऱ्या कंपनीच्या) काउंटरवर कळतं. एस्टिमेट घेताना स्टेपलर धरून आहे का ते विचारा. आतडं कापायला-जोडायला जे स्टेपलर आणि त्यातली कार्ट्रिज वापरतात ती महाग असतात आणि पॅकेजच्या बाहेर असली तर आकडा एकदम उडी मारतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत असलं पाहिजे आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते, म्हणून अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

आदल्या दिवशी

पोट साफ करायची पावडर असते, दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची. चव खारट-गुळचट आणि साधारण तिसऱ्या ग्लासानंतर नकोशी होते. थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, हवं तर स्ट्रॉने. बाथरूमजवळची खोली घ्या, आणि वयस्कर माणूस असेल तर रात्री एकट्याला जाऊ देऊ नका, चक्कर येऊन पडतात. खालची जागा चुरचुरते, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन आधीपासूनच लावा. काही सर्जन पावडर देतच नाहीत, विशेषतः उजव्या बाजूला, आणि देणारे बरेच जण सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्याही देतात. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, कापलं की तिथेच इन्फेक्शन.

उपाशी राहण्याचं गणित बदललंय. "रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नाही" हे जुनं झालं. जेवण सहा तास आधीपर्यंत चालतं असा नियम, आतडं साफ केलेलं असल्याने तुम्हाला तसंही जेवण नसणार, पण पाणी, साखरपाणी, गाळलेलं सरबत, बिनदुधाचा चहा असं पारदर्शक काही दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. दुधाचा चहा चालत नाही, तो जेवणात धरतात. डायबेटिस किंवा आतडं अडलेलं असेल तर नियम वेगळे, भूलतज्ज्ञ सांगतील तेच अंतिम.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काय होतं

पूर्ण भूल, लघवीची नळी, पायाला रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून मोजे किंवा हवेचे पंप. मग पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. पाच ते बारा मिलिमीटरची तीन ते पाच भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. टेबल चांगलंच तिरकं करतात म्हणजे छोटी आतडी स्वतःच्या वजनाने बाजूला सरकतात. आधी रक्ताच्या नसा शोधून बंद करतात, मग आतडं मागच्या भिंतीपासून सोडवतात, यात लघवीची वाहिनी जपणं हे नाजूक काम. शेवटी बेंबीपाशी किंवा ओटीपोटावर चार-सात सेंटिमीटरचा एक काप घेऊन, त्याला आतून प्लास्टिकचं आवरण लावून तुकडा बाहेर काढतात. हा काप असणारच, "फक्त भोकं" असं समजू नका. मग दोन टोकं जोडतात, डाव्या बाजूचं असेल तर जोडावर पाणी सोडून आतून हवा भरतात आणि बुडबुडे येतात का बघतात. एकूण दोन ते चार तास, भूल आणि रिकव्हरी धरून बाहेर बसलेल्यांना पाच-सहा तास वाटतील.

मधेच ओटीच्या दारातून नाव पुकारतील आणि सर्जन किंवा रेसिडेंट स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेला तुकडा दाखवतील. गुलाबी-पिवळसर, चरबी लगडलेला, साधारण वीतभर किंवा त्याहून मोठा, आणि कापून उघडला असेल तर आत गाठ फुलकोबीसारखी दिसते. ज्याला रक्त बघवत नाही त्याला पुढे पाठवू नका, आमच्याकडे चुलतभाऊ तिथेच बसला आणि सिस्टर त्याच्याकडे बघायला धावल्या. तो तुकडा पॅथॉलॉजीला जातो, कुठल्या लॅबला आणि रिपोर्ट कधी ते तेव्हाच विचारा.

वॉर्डातले दिवस

पहिल्या रात्री पेशंट सांगतो उजवा खांदा दुखतोय, घरचे घाबरतात की हार्ट अटॅक. पोटातल्या गॅसमुळे छातीखालचा पडदा चुरचुरतो आणि त्याची कळ खांद्यात उठते, एक-दोन दिवसांत जाते. छातीत दुखतंय किंवा श्वास लागतोय असं म्हणाला तर मात्र लगेच सिस्टरला बोलवा.

आता लवकर उठवण्याची पद्धत आहे, डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी नव्वदच्या दशकात ती रुळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढतात, खुर्चीत बसवतात, कॉरिडॉरमध्ये चालवतात, घोट घोट पाणी आणि मग पातळ खाणं सुरू. "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, झोपू द्या हो" म्हणून फिजिओला परत पाठवू नका. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं, खोकताना उशी पोटाशी धरायची. स्पायरोमीटर दर तासाला. पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज, कॅन्सर असेल तर बरेच जण ते घरी गेल्यावरही धरून एकूण चार आठवडे देतात. शुगरफ्री च्युइंगम दिवसातून तीन-चारदा चघळायला देतात, त्याने आतडी लवकर जागी होतात. आजोबांना च्युइंगम बघून नर्स चेष्टा करतेय असं वाटतं, त्यांना समजावून सांगा. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला घ्या, दुखेपर्यंत थांबू नका, कारण मग ट्रामाडॉलसारखं जास्त तीव्र काहीतरी लागतं आणि त्याने मळमळ आणि बद्धकोष्ठ.

मग राऊंडला रोज एकच प्रश्न, "गॅस पास झाला का?" याचं उत्तर लाजून "हो" देऊ नका. दोन-तीन दिवसांत होतो, पहिल्या एक-दोन संडासला काळपट रक्त दिसू शकतं. गॅस नाही, पोट फुगतंय, हिरवी उलटी होतेय तर आतडी अजून झोपलेली आहेत, मग खाणं थांबवून नाकातून नळी घालतात, बहुतेकांचं काही दिवसांत सुटतं.

खरी काळजी जोड गळण्याची. शंभरात थोड्यांना होतं पण होतं तेव्हा जिवावर बेततं, आणि ते बहुतेक तिसऱ्या ते सातव्या दिवसात, म्हणजे नेमकं डिस्चार्जच्या आसपास. नाडी शंभरच्या वर टिकून राहणं, ताप, थंडी वाजणं, कालपर्यंत चालणारा माणूस आज उठायला नको म्हणणं, पोटाचं वाढत जाणारं दुखणं, श्वास लागणं. पेशंट नुसतं "आज बरं वाटत नाहीये" म्हणाला तरी रेसिडेंटला सांगा, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि लागला तर सीटी करतील. घरी असताना असं झालं तर फॅमिली डॉक्टरकडे अँटिबायोटिक घेत बसू नका, थेट ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.

घरी आल्यावर

सगळं ठीक असेल तर तीन ते पाच दिवसांत सोडतात. पहिले दोन-तीन आठवडे मऊ आणि कमी चोथ्याचं खायचं. मऊ भात, मुगाची खिचडी, साधं वरण, दही-ताक, इडली, केळं, उकडलेला दुधी, अंडं. थोडं थोडं पाच-सहा वेळा. उसळी, मका, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, पेरू, मेथी नंतर एक एक करून सुरू करा, भाकरीही पहिल्या पंधरवड्यानंतर, दुधात किंवा आमटीत कुस्करून. उजवी बाजू काढलेल्यांना संडास पातळ होते कारण पित्ताचे क्षार नीट शोषले जात नाहीत, सिग्मॉइडवाल्यांना थोडी थोडी चार-पाचदा. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत बसतं, नाही बसलं तर त्याला औषध आहे.

सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे भरलेली पाण्याची बादली, गॅस सिलेंडर, नातवंड, तिन्ही बंद. त्या चार-सात सेंटिमीटरच्या कापातून हर्निया होऊ नये म्हणून. जिने चढायला हरकत नाही. कार साधारण दोन-चार आठवड्यांनी, जोरात ब्रेक मारताना पोट दुखत नसेल तेव्हा. टू-व्हीलर आपल्या खड्ड्यांवरून त्यापेक्षा उशिरा, आणि लोकलच्या गर्दीत पोटावर कोपर बसतो म्हणून ऑफिसला आधी वर्क फ्रॉम होम मागा.

पिशवी लागली असेल तर डिस्चार्जच्या आधी ती बदलायला पेशंट आणि घरातला एक जण दोघांनीही शिकून घ्या, सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईतच आहे, तिथे पिशवीबरोबरच आयुष्य काढलेली माणसं भेटतात आणि त्यांच्याशी अर्धा तास बोलल्यावर पेशंट जेवढा सावरतो तेवढा आपण कितीही समजावून सावरत नाही.

रिपोर्ट आणि पुढचं

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट साधारण आठवडा-दहा दिवसांत येतो. त्यात तीन गोष्टी बघा. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, किती लसिका गाठी तपासल्या आणि किती पॉझिटिव्ह, आणि एमएमआर किंवा एमएसआय (गाठीच्या पेशींत डीएनए दुरुस्तीचा दोष आहे का ते दाखवणारी तपासणी) केलीय का. लसिका गाठींत कॅन्सर गेलेला असेल तर ती तिसरी स्टेज, मग केमो सुचवतात आणि ती सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी, म्हणून ऑन्कॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट जखम भरायची वाट न बघता घेऊन ठेवा. तपासलेल्या गाठी 12 पेक्षा कमी असतील तर सर्जनला विचारा, लॅबकडून नमुना परत बघून घेता येतो.

त्यानंतर सीईए दर तीन ते सहा महिन्यांनी, सीटी सांगतील तसा, आणि एक वर्षाने कोलोनोस्कोपी. ऑपरेशनच्या आधी गाठीने रस्ता अडल्यामुळे कोलोनोस्कोपीची दुर्बीण पूर्ण आतपर्यंत गेली नसेल तर वर्षभर थांबायचं नाही, काही महिन्यांतच उरलेलं आतडं बघून घ्यायचं. कॅन्सर असेल तर पेशंटच्या भावाबहिणींना आणि मुलांनाही चाळिशीत कोलोनोस्कोपी सांगतात, किंवा पेशंटला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल ते. एमएमआरमध्ये दोष निघाला तर त्याहूनही लवकर, आणि आधी जेनेटिक टेस्ट.